परतघंटी

“माणूस खोटं बोलतो, आरसा खोटं बोलतो, पण आकडा खोटं बोलू शकत नाही. आणि बोललाच, तर निदान माझ्यासमोर तरी त्याची बोबडी वळते!”

नंबरसाहेबांनी हे तळमजल्याच्या सभागृहात, उभं राहून, उजवा हात उंचावून जाहीर केलं. ऐकणाऱ्या एकोणीस रहिवाशांपैकी दोघांनी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात साहेबांचाच फोन वाजला. त्यांनी वाचायचा चष्मा नाकावर चढवला, पडद्याकडे न्यायाधीशासारखं पाहिलं आणि म्हणाले, “सहाव्या जागी सात? या मालिकेत सात कधी दिलेलाच नाही. अस्सल खोटा!” आणि फोन कापला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता. तीन दिवस अख्खी इमारत त्याच्या फोनकडे डोळे लावून बसली होती. नंबर त्याने नवा घेतला होता, स्वभाव मात्र जुनाच होता: कोणी फोन कापला की तो आठवडाभर रुसायचा. त्या आठवड्यात पाच मजले चढताना रहिवाशांनी साहेबांच्या ज्ञानाची ज्या शब्दांत आठवण काढली, ते छापण्याजोगे नाहीत.

पण खरं सांगायचं तर गृहस्थाकडे विद्या होती. टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. कोणती मालिका कुठल्या भागाला दिली, कोणती राखून ठेवली, कोणती आजवर कुणालाच दिली नाही, हे त्यांना इतरांना नातवंडांचे वाढदिवस असतात तसं पाठ होतं. निवृत्त झाले आणि नको त्या फोनांचा सुळसुळाट झाला. बक्षीस लागलंय, खातं बंद होतंय, जमीन घेता का. साऱ्या इमारतीला हा आजार जडला आणि साहेब त्यावरचे फुकटचे डॉक्टर झाले. रोज सकाळी दहाला चौथ्या मजल्यावर त्यांच्या बैठकीच्या खोलीत लोक फोन घेऊन रांगेत बसत.

“हे बघा, पहिले सहा आकडे हुबेहूब तुमच्याच नंबरचे. आपल्याच आळीतला कोणी असेल म्हणून तुम्ही उचलावा, हाच त्याचा डाव.” पुढचा रुग्ण. “याला उलट फोन लावलात तर कोणीतरी बिचारा उचलेल आणि म्हणेल, मी केलाच नाही. त्याला शिव्या देऊ नका, त्याचा नुसता मुखवटा चोरलाय. आणि यात तर आकडा एक कमी आहे. चोराला मोजताही येत नाही!” मग नंबर वहीत तारखेसकट उतरवायचा आणि फोनवर ब्लॉक करायला लावायचा. वहीत अकराशेच्या वर खोटे नंबर जमले होते.

“अकराशे खोटे पाठ आहेत,” बायको आतून म्हणायची, “माझा एक खरा विचारा त्यांना.”

तो त्यांना खरंच येत नव्हता. फोनमध्ये ती ‘घर’ या नावाने होती, आणि घराचा नंबर कोण पाठ करतं?

त्या महिन्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाठोपाठ झाली होती. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, आणि वाचायला सक्त मनाई. दुपारी ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पडायची. त्या खुर्चीच्या बरोबर वर छताला ओलीचा एक डाग होता. सेक्रेटरी तो दोन वर्षं ‘बघतो’ म्हणत होता आणि खरोखरच आला की बघत होता. खुर्चीच्या हातावर साहेबांचा वाचायचा चष्मा पडलेला असायचा. तो जागेवर ठेवा म्हणून बायको वीस वर्षं सांगत होती. साहेबांच्या मते तीच त्याची जागा होती.

एका सकाळी तळमजल्याचा शिंपी आला. नेहमी बोलघेवडा माणूस, पण आज वैतागलेला.

“साहेब, काल दुपारी एक फोन आला. वाजतोय, वाजतोय, थांबायचं नावच नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली. शेवटी मशीनवरून उठलो, पलीकडे खुंटीवरच्या पिशवीत होता तो काढला, उचलला. तर बोलायला कोणी नाही. नुसतं गूंऽऽ. खांबाला कान लावल्यासारखं.”

साहेबांनी पडदा पाहिला. हातातला कप त्यांनी बशीत ठेवला, तो थोडा तिरका बसला.

पाचच आकडे होते.

गावातले पाच आकडी नंबर जाऊन तीस वर्षं झाली होती. आणि हे पाच आकडे कोणाच्या घरचे नव्हतेच. ही एक्स्चेंजची परतघंटी होती. लाइनमनने एखाद्या घरचा फोन जोडला की घंटी नीट वाजते का हे बघायला तो हा नंबर फिरवायचा आणि रिसीव्हर ठेवून द्यायचा. मिनिटभरात एक्स्चेंजमधलं यंत्र त्या फोनला उलट घंटी द्यायचं. उचललं तर पलीकडे कोणी नसे, नुसती गुणगुण. तरी जुन्या मोठ्या साहेबांचा दंडक होता: घंटी वाजली की रिसीव्हर उचलून ‘आभारी’ म्हणायचं, मगच कार्डावर सही. यंत्राला कसले आभार, म्हणून नवे लोक हसायचे. सहा महिन्यांत तेही म्हणायला लागायचे.

ते एक्स्चेंज पाडून नऊ वर्षं झाली होती. आता तिथे गाद्यांचं दुकान होतं.

“खोटा,” साहेब म्हणाले. “हल्ली पडद्यावर काय वाटेल ते दाखवता येतं. कोणीतरी माहीतगार बदमाश आहे. करा ब्लॉक.”

“करतो,” शिंपी म्हणाला. “एक तर हा फोनचा ताप, वर इस्त्रीचा. मी तिकडे फोनला गेलो आणि इकडे इस्त्रीच्या वायरने भडका घेतला. बसायचं स्टूल कोळसा झालं, साहेब. संकटं आली की जोडीनेच येतात बघा.”

साहेबांनी मान हलवली आणि वहीत नंबर उतरवला.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत, त्याही सगळ्यांना विद्यार्थी समजत. त्या चार दिवसांनी आल्या. फोन साहेबांपुढे गृहपाठासारखा ठेवला.

“हे काय आहे? मी गॅलरीत पुस्तक वाचत बसलेय, आणि आत हा वाजतोय. पन्नासपर्यंत मोजलं. मग शंभरपर्यंत. शेवटी उठले. पलीकडे हूं का चूं नाही.”

तेच पाच आकडे.

“आणि मी आत गेलेय तोवर,” बाई म्हणाल्या, “वरच्या कठड्यावरची कुंडी माझ्या खुर्चीत. पुस्तकाचं मधलं पान पार फाटलं. वाचनालयाचं होतं हो! त्या वरच्यांना समज द्या आधी. फोनचं नंतर बघा.”

साहेबांनी फोनचं आधी बघितलं. ब्लॉक केला. वरच्यांना समज देणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

मग सेक्रेटरी. तो पाचव्या मजल्यावरचा. आवाज असा की त्याला फोनची गरजच नसावी. मिस्त्रीचा रुसवा निघून लिफ्ट नुकती सुरू झाली होती. हा लिफ्टमध्ये पाय टाकतो तोच फोन वाजला. आत आवाज नीट येत नाही म्हणून बाहेर आला. उचलला, गूंऽऽ. शिवी घालायला तोंड उघडतो तर मागे लिफ्टचं दार आपोआप मिटलं आणि रिकामी लिफ्ट धाडकन दीड मजला खाली गेली.

“त्या मिस्त्रीला मी सोडणार नाही,” सेक्रेटरी गरजला. “आणि या नंबरलाही. साहेब, रविवारी सगळ्या इमारतीला बोलवतो. एकूण एक फोनवर ब्लॉक करून टाका.”

रविवारी सदतीस फोन जमले. साहेब मधोमध खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून सूचना देत गेले: सेटिंगमध्ये जा, तिसरी ओळ, खाली सरका, आकडे टाका, हो म्हणा. त्यांना पडदा बघायचीही गरज नव्हती, एवढं तोंडपाठ. शेवटी त्यांनी स्वतःच्या फोनवर केलं, आणि झोपमोड नको म्हणून बायकोच्याही. टाळ्या पडल्या. या वेळी एकोणीसच्या एकोणीस जणांच्या.

मंगळवारी दुपारी डोळ्यांचे थेंब संपले म्हणून ते औषधाच्या दुकानात निघाले. बायको आरामखुर्चीत पडली होती.

“थेंब घेऊन सरळ घरी या,” ती डोळे न उघडता म्हणाली. “त्या खांब्याकडे जाऊन बसू नका.”

“छे छे,” साहेब म्हणाले, आणि थेंब घेऊन सरळ खांब्याकडे जाऊन बसले.

खांब्या म्हणजे त्यांचा जुना जोडीदार लाइनमन. निम्मं आयुष्य खांबावर काढल्याने त्याला जमिनीवर नीट चालता येत नाही, असं लोक म्हणत. आता तो घरीच घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका घड्याळाच्या पोटात शिरला होता. साहेबांनी त्याला सगळी हकिकत रंगवून सांगितली: शिंप्याचं स्टूल, बाईंचं पुस्तक, सेक्रेटरीची लिफ्ट. एकेक सांगताना हसत होते. तिसरी सांगताना त्यांचं हसू आपोआप थांबलं. तिन्ही एका दमात त्यांनी स्वतःही पहिल्यांदाच ऐकल्या होत्या.

खांब्याने भिंग काढलं.

“परतघंटी आपण होऊन कोणाला वाजत नाही रे,” तो म्हणाला. “ज्याने फिरवली, त्यालाच परत येते.”

“हेच तर! आमच्या इमारतीतून कोण कशाला फिरवेल?”

“आपण फिरवली होती.”

“कधी?”

“विसरलास? इमारत नवी होती. आपण दोघं गेलो होतो जोडण्या तपासायला. एकवीस. वीस घरं आणि खालचं दुकान. प्रत्येक फोनवरून मी फिरवत गेलो, आणि एक घंटी परत येईल तर शपथ. एक्स्चेंजमध्ये काहीतरी अडकलं होतं. मी म्हणालो उद्या येऊ. तू घड्याळ बघत होतास.”

साहेबांना आठवलं. त्या दिवशी चार वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर एक मुलगी त्यांची वाट बघत थांबणार होती. पहिल्यांदाच. उशीर झाला तर निघून जाईन, असं तिने आधीच बजावलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणाऱ्यांतली होती. अजूनही आहे; या घडीला ती चौथ्या मजल्यावर आरामखुर्चीत होती.

“एकवीस कार्डांवर ‘घंटी वाजली’ लिहून तू सह्या ठोकल्यास,” खांब्या म्हणाला. “आणि पळालास.”

“चारला पोचलो होतो,” साहेब म्हणाले. का म्हणाले, त्यांनाच कळलं नाही.

टेबलावरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत टिकटिकत होती.

“तीन परत आल्या,” खांब्या म्हणाला. “नंबर ब्लॉक केलायस?”

“सगळ्यांच्या.”

“घरीसुद्धा?”

साहेब उठले. थेंबांची बाटली टेबलावरच राहिली. खांब्याने ती मागून हाक मारून त्यांच्या खिशात कोंबली.

लिफ्ट बंदच होती. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा श्वास संपला, तिसऱ्यावर गुडघे संपले. चौथ्यावर ते कठड्याला धरून पोचले.

दार लोटलेलंच होतं.

आत पांढरी धूळ तरंगत होती. खिडकीतून आलेल्या उन्हात ती सावकाश खाली बसत होती.

आरामखुर्ची दिसत नव्हती. तिच्या जागी प्लास्टरचा ढीग होता. वर छतात डाग होता तेवढंच भोक, आत गंजलेल्या सळया.

बायको पलीकडच्या भिंतीशी उभी होती. काळा चष्मा, केसांवर धूळ, कानाला रिसीव्हर. काचेच्या कपाटावर शोभेला ठेवलेला जुना लाल फोन होता, त्याचा.

“ते आलेच बघा,” ती फोनमध्ये म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवला.

साहेबांनी तिचे दोन्ही खांदे धरले. मग चेहरा. मग परत खांदे.

“अहो, काय करताय? दार उघडं आहे.”

“लागलं नाही ना तुला?”

“कशाने लागणार? मी इथे फोनवर. केव्हाचा वाजत होता मेला. झोपेतून उठून आले, आणि मागे हे धाडकन. सेक्रेटरीला म्हणावं, आता तरी बघू नकोस, कर काहीतरी.”

“कोणाचा फोन?”

“कोणी गृहस्थ होते. अगदी अदबशीर. ‘आवाज येतोय का?’ म्हणाले. मी म्हटलं, स्वच्छ. तुम्ही नाही का डेस्कवरून म्हणायचात, तसंच.”

“अगं, हा फोन बंद आहे.”

“असेल. मला कुठे दिसतंय? वाजला की उचलायचा, जन्मभर तेच केलं.”

लाल फोनची वायर त्याच्याच भोवती गुंडाळून, रबर लावून ठेवलेली होती. अकरा वर्षांपूर्वी साहेबांनीच लावलेलं रबर. दुसरं टोक मोकळं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, परत ठेवलं. मग रिसीव्हर उचलला. कानाशी काहीच नव्हतं, गुणगुणही नाही.

तरी ते पाय जुळवून उभे राहिले.

“आभारी,” ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “फार फार आभारी.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या मनापासून ते हा शब्द बोलले नव्हते. डोळे पुसले, आणि बायको आणखी काही सांगते आहे याकडे लक्ष न देता जिन्याकडे धावले. जाता जाता तिचा फोन तिच्या हातात देऊन शेजारणीला हाक मारली: “हिला तुमच्याकडे बसवा. आणि हिचा नि तुमचा, दोन्ही फोन काढा. सेटिंगमध्ये जा, तिसरी ओळ!”

त्या दिवशी इमारतीने जे पाहिलं, ते पुढे बरेच दिवस पुरलं. साहेब दारोदार फिरत होते आणि ज्या नंबरावर रविवारी बंदी घातली, त्याच्यासाठी मंगळवारी पदर पसरत होते.

“अहो, तुम्हीच तर खोटा म्हणालात ना?” सेक्रेटरीने विचारलं.

“मी म्हणालो. खोटा मी ठरलो. काढा.”

“पण का?”

“तुम्ही लिफ्टमध्ये नव्हता, म्हणून.”

सेक्रेटरीने फोन काढला. बाहेरगावी गेलेल्यांना त्यानेच त्याच्या खणखणीत आवाजात कळवलं. बाईंनी कुंडीच्या खुर्चीकडे एकवार पाहिलं आणि चुकलेलं गणित दुरुस्त करावं तसे आकडे काढले. नव्या स्टुलावरून उठून शिंप्याने फोनला हात जोडले, मग साहेबांना, आणि दोघांपैकी नक्की कोणाला जोडायचे होते या विचारात तसाच उभा राहिला.

मजला संपला की साहेब मनाशी मोजत. एकेका घरातून बाहेर पडताना त्यांना हलकं वाटत होतं, कार्ड खरंखुरं भरल्यासारखं. सगळी घरं झाली. दमून, घामेजून ते चौथ्या मजल्यावर परतले. बायको शेजारणीकडे बसली नव्हतीच. आपल्या घरात धूळ झटकत होती.

“झालं,” साहेब म्हणाले. “सगळ्यांचं केलं. एकूण एक.”

“आता तरी ऐकाल? मघाशी सांगत होते तर तुम्ही ‘आभारी’ म्हणून सुटलात.”

“काय सांगत होतीस?”

“त्या गृहस्थांनी निरोप दिलाय. म्हणाले, साहेबांच्या स्वतःच्या फोनचंही तेवढं बघायला सांगा. चारच्या आत.”

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला चार मिनिटं कमी होती.

त्यांनी खिशातून फोन काढला. पडदा उजळला. इतरांना मघापासून डोळे मिटून सांगितलेलं सगळं त्या उजेडात एकमेकांत मिसळून एक राखाडी धुकं झालेलं होतं. हात लांब करून पाहिला. जवळ आणून पाहिला. बायकोपुढे धरला; तिने काळा चष्मा त्यांच्याकडे वळवला आणि नकारार्थी मान हलवली. शेजारणीचं दार नुकतंच मिटलेलं ऐकू आलं होतं, चपला जिन्यावरून खाली चालल्या होत्या.

खोलीत अजून थोडी धूळ तरंगत होती. ढिगाऱ्यातून आरामखुर्चीचा एक हात तेवढा बाहेर आला होता. रिकामा.

“अगं,” साहेब हळूच म्हणाले, “माझा वाचायचा चष्मा कुठे दिसतोय का, बघ ना जरा.”